किंजलच्या तीन फेऱ्या

संपादकांनी फोनवर ‘थरारक’ हा शब्द तीन वेळा वापरला. दिवाळी अंकासाठी इंजिन ड्रायव्हरचे थरारक अनुभव हवेत, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की छत्तीस वर्षं मी समोर बघत बसलो होतो, आणि ड्रायव्हरच्या नोकरीत थरार आला तर त्याची चौकशी होते. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

नोकरीत मी कुठून कुठे चढलो, हे लिहिण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा निवृत्तीनंतरची एक गोष्ट सांगतो. ती शहाद्याकडच्या एका मुलीची आहे. विमान चालवायचं की रेल्वे, हे तिला ठरवायचं होतं, आणि त्यात मला ओढण्यात आलं. मी फारसा विरोध केला नाही. निवृत्त माणसाला कोणी सल्ला विचारला की तो पाय घसरल्यासारखा त्यात पडतो.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं. नंदुरबारात घरी बसल्यापासून येणारे-जाणारे मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, इंजिनात स्टेअरिंग कुठे असतं? नसतं. रूळ नेतील तिकडे जायचं, आणि रूळ कुठे जोडायचे ते स्टेशन मास्तर ठरवतो. दुसरा प्रश्न पुरुषमंडळी आवाज खाली आणून विचारतात, लघवीची सोय काय? माझ्या काळात तरी त्याचं उत्तर ‘पुढचं स्टेशन’ असं होतं. हे ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर जरा उतरतो. मला ते बरं वाटतं. आदर उतरला की माणूस ऐकायला लागतो.

गाडी पळवायला विशेष अक्कल लागत नाही, थांबवायला लागते. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावरही किलोमीटरभर जाते. म्हणजे जे अजून दिसत नाही त्याच्यासाठी आत्ता ब्रेक लावायचा. त्यासाठी रस्ता पाठ असावा लागतो. ज्या मार्गावर तुम्ही पूर्वी गाडी नेली नाही तिथे तुम्हाला एकट्यानं सोडत नाहीत. आधी जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून साधारण तीन फेऱ्या करायच्या. चढ कुठे, उतार कुठे, कोणता सिग्नल वळणाआड लपतो, कोणत्या फाटकाजवळ म्हशी रेंगाळतात, हे डोक्यात बसवायचं. मग वहीत सही करायची, की हा रस्ता मला माहीत आहे. लग्नाच्या आधी अशी सोय असती तर बऱ्याच जणांनी सही केली नसती, असं आमचे एक ज्येष्ठ ड्रायव्हर म्हणत. ते अविवाहित होते.

मला स्वतःला लहानपणी विमानवालाच व्हायचं होतं. आम्ही तेव्हा तळोद्याला राहायचो. एकदा कोणी मंत्री हेलिकॉप्टरनं आले. अख्खी शाळा मैदानाच्या कडेला उभी केली होती. धुरळा उडाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, मंत्री हार घालून गाडीत बसून जेवायला गेले. सगळे त्यांच्या मागे गेले. मी मागे राहिलो, कारण मला यंत्र बघायचं होतं. यंत्राच्या सावलीत गॉगल लावलेला पायलट एकटा बसला होता. तीन तास. कोणी त्याला पाणी विचारलं नाही. शेवटी मी शाळेच्या नळावरून लोटाभर पाणी नेऊन दिलं. त्यानं ते पिऊन विचारलं, “साहेब कव्हा येनार, काही सांगितलं का?” त्या दिवशी मला कळलं, की आकाशात उडणारा माणूसही जमिनीवर कुणाचा तरी ड्रायव्हरच असतो. मग जमिनीवरचंच यंत्र धरलं. पुढे रेल्वेनं आमचं नाव बदलून ‘लोको पायलट’ केलं, तेव्हा घरी पेढे वाटावेत असं कोणाला वाटलं नाही. मे महिन्यात केबिन तशीच तापत होती.

तर एके सकाळी माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र दशरथ पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसला. तापीकाठचा गुजर शेतकरी. केळी, ऊस, कापूस, सगळं व्यवस्थित. गावात त्याला सगळे दशरथभाई म्हणतात. बरोबर त्याची मुलगी किंजल. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली, खाली मान घालून बसलेली. दशरथनं माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक रेल्वेचा, असिस्टंट लोको पायलट म्हणून निवड झाल्याचा. दुसरा एका विमानचालन शाळेचा, प्रवेश नक्की झाल्याचा.

“आप्पा, पोरले तुम्ही इचारा,” तो म्हणाला. “मी इचारं का ती म्हनस, तुम्ही म्हनशात ते.”

“मंग तू काय म्हनस?” मी विचारलं.

“मी काय म्हनसू? इमान म्हंजे इमान शे, आप्पा. गावना लोक मान वर करीसन देखतीन. रेल्वेले कोन देखस? फाटक बंद ऱ्हायनं का शिव्या देतस.”

यात खोटं काही नव्हतं. फाटकावर थांबलेल्यांच्या शिव्या मी काचेतून छत्तीस वर्षं पाहिल्या होत्या.

“किंजल, तुले काय वाटस?” मी विचारलं.

“तुम्ही म्हनशात ते, आप्पा.”

मला तिचा रागच आला. इंजिनात असिस्टंट असा बोलला तर त्याला पुढच्या स्टेशनवर उतरवतात. पण मी तिला म्हटलं, की आमच्याकडे सहीच्या आधी तीन फेऱ्या करतात. तू दोन्हीकडच्या तीन-तीन फेऱ्या कर. विमानाच्या शाळेत वडिलांबरोबर जा. रेल्वेच्या फेऱ्या मी करवतो. इंजिनात बसवता येणार नाही, पण पहिल्या डब्यातून बरंच कळतं. रेल्वेत हजर होण्याची तारीख महिन्याभरावर होती. तेवढ्यात ठरायला हवं होतं, कारण ती तारीख गेली की निवड रद्द.

हे ऐकून आत चहा गाळणारी माझी बायको म्हणाली, “छत्तीस वरीस फुकट फिरनात, आते तिकीट काढीसन फिरा.”

पहिल्या फेरीला आम्ही नंदुरबारहून पॅसेंजरनं नवापूरपर्यंत गेलो आणि परत आलो. इंजिनामागच्या डब्यात खिडकीशी बसलो. वळणावर पुढचा सिग्नल दिसला की मी सवयीनं हात उचलून रंग मोठ्यानं म्हणायचो. डब्यातले लोक चमकून बघायचे. ही आमची दुसरी पद्धत. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं स्वतः बघून परत म्हणायचा. दिवसात शेकडो वेळा. दोन मोठी माणसं एकमेकांना ‘हिरवा, हिरवा’ असं सांगत चालली आहेत, हे बाहेरून खुळेपणाचं दिसतं. पण आपल्याकडे सगळीकडे मोठा बोलतो आणि लहान मान हलवतो. इंजिन ही एकच जागा मी पाहिली, जिथे मोठ्याची चूक काढण्यासाठी लहानाला पगार देतात.

किंजलला मी म्हटलं, तू असिस्टंट. माझ्या मागून म्हण. ती म्हणायची, पण ओठांतल्या ओठांत. पहिल्या फेरीत तिनं मला तीनच प्रश्न विचारले. तिन्ही उताराबद्दल होते. उतारावर डबे इंजिनाला मागून ढकलतात तेव्हा ब्रेक आधी कुठला लावता, असं काहीतरी. प्रश्न इतके नेमके होते की मी खूश होऊन अर्धा तास बोललो. बहुतेक गरजेपेक्षा जास्तच.

मधल्या आठवड्यांत आमची दुसरी फेरी झाली, आणि ती विमानाच्या शाळेतही तीनदा जाऊन आली. तिथे एकदा त्यांनी तिला लहान विमानात बसवून वीस मिनिटं फिरवलं. दशरथनं त्याचा व्हिडिओ मला चार वेळा पाठवला. त्यात विमान ठिपक्याएवढं दिसत होतं आणि दशरथचा आवाज मोठा येत होता. माणसं भली होती, मुलीशी चांगलं बोलली, यंत्रं चकचकीत होती. शाळेला नाव ठेवावं असं काही मला सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

तिसरी फेरी दुपारची होती. खांडबारा सोडून आम्ही नंदुरबारकडे परत निघालो होतो. वळण आलं, पुढचा सिग्नल दिसला. ऊन खांबावर पडलं होतं. मी हात उचलून म्हटलं, “हिरवा.”

शेजारून काहीच आलं नाही. मग अगदी हळू आवाज आला, “पिवळा.”

“काय म्हनं?”

“काही नही, आप्पा.”

मिनिटभरात गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि उसाच्या शेताशेजारी थांबली. पिवळ्याचा अर्थच तो, पुढचा सिग्नल लाल आहे, थांबायच्या तयारीनं ये. तिचं बरोबर होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो आहे हे मला त्याच दिवशी कळलं. पण गाडी त्या शेताशेजारी उभी असताना मला डोळ्यांपेक्षा दुसरीच गोष्ट आठवत होती. ती मी कोणाला सांगत नाही. तिला सांगितली.

माझ्याबरोबर एक असिस्टंट होता, रामसिंग पावरा. धडगावच्या वरच्या पाड्यातला. घरी पावरी बोलणारा, आश्रमशाळेत मराठी शिकलेला, अत्यंत हुशार आणि अत्यंत हळू बोलणारा. त्या दिवशी सकाळपासून त्यानं मला दोनदा टोकलं होतं, एकदा वेगावरून, एकदा एका पाटीवरून. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी मी त्याच्यावर खेकसलो, “गाडी मी चालवतोय का तू?” मी तेव्हा विभागातल्या चांगल्या ड्रायव्हरांपैकी गणला जात होतो, आणि तसं गणलं जाणं डोक्यात गेलं होतं. तासाभरानं समोर ऊन असताना मी म्हटलं, “हिरवा.” तो काहीतरी पुटपुटला. मला ते ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर ‘पिवळा’ असं ऐकू आलं, आणि मी ते ऐकायचं नाही असं ठरवलं. पुढच्या वळणावर लाल दिवा समोर उभा. मी सगळा ब्रेक लावला. गाडी थांबली ती लाल सिग्नल ओलांडून, एका इंजिनाएवढी पुढे.

पुढे रूळ मोकळा होता. कोणाला खरचटलंही नाही. पण आमच्या धंद्यात लाल सिग्नल बोटभर ओलांडणं आणि मैलभर ओलांडणं यात फरक करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. चौकशी झाली. साहेबांनी रामसिंगला विचारलं, तू रंग सांगितलास का? ‘सांगितला, यांनी ऐकलं नाही,’ असं तो म्हणाला असता तर सगळा दोष माझा ठरला असता आणि तो सुटला असता. तेच खरंही होतं. रामसिंग म्हणाला, “साहेब, मी हळू बोललो.”

दोघांनाही शिक्षा झाली. मी वर्षभर यार्डात डबे इकडून तिकडे ढकलले. त्याची बढती लांबली. यार्डातून मी त्याची माफी मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “जाऊ द्या दादा, आता मी मोठ्यानं बोलायला शिकतोय.” आज तो स्वतः ड्रायव्हर आहे, आणि त्याचे असिस्टंट तक्रार करतात की साहेब इतक्या जोरात ओरडतात की सिग्नलच घाबरून हिरवा होईल.

किंजल हे सगळं ऐकत होती. मी म्हटलं, “तू बी हळू बोलनी. तुनं बरोबर व्हतं आनि तू म्हननी, काही नही. आते जोरमा सांग. तुले काय करनं शे?”

ती एवढ्या जोरात म्हणाली, की स्वतःच दचकली, “गाडी!”

समोरच्या बाकावर भाजीची रिकामी पाटी घेऊन एक म्हातारी झोपली होती. ती जागी झाली. “काय गाडी गाडी करी ऱ्हायनी व माय? गाडीमाच तं बठेल शे तू!”

सगळा डबा हसला. किंजलही हसली आणि मग तिचं तोंड उघडलं ते नंदुरबार येईपर्यंत मिटलं नाही.

“आप्पा, इमान माले आवडनं. भलतं आवडनं. पण ते बाबानं इमान शे. तठे सर्वा इचारेत, वडील काय करतस, जमीन कितली. रेल्वेनी परीक्षामा फक्त नंबर व्हता. ते मन्हं शे.”

एवढंच असतं तर मी तिला थांबवलं असतं. वडिलांवर रुसून घेतलेली नोकरी सासरी रुसून माहेरी येण्यासारखी असते, फार टिकत नाही. पण पुढे ती उसाच्या ट्रॅक्टरबद्दल बोलली. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या दोन ट्रॉल्या ती दहावीपासून चालवते. गावाबाहेरच्या उतारावर भरलेला ऊस मागून ढकलायला लागतो. तिचे चुलतभाऊ तिथे घाबरून जोरात ब्रेक दाबतात आणि ट्रॉली आडवी होते. ती उतार सुरू व्हायच्या आधीच वेग उतरवते.

“मांगून वजन ढकलस ना आप्पा, ते आंगले कळस. कितलं शे, कव्हय जोर करी. ते सांभाळाले माले आवडस.”

छत्तीस वर्षांत मला माझं काम इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. सल्ला देणाऱ्याचं काम संपलं होतं. आता हे तिनं दशरथला सांगायचं होतं. “आजच सांग,” मी म्हटलं. ती हो म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. आणि दशरथनं सत्कार ठरवून टाकला.

सत्कार ही आपल्याकडची अशी गोष्ट आहे की ती एकदा ठरली की कारण मागाहून शोधता येतं. इथे कारण तयार होतं, ‘गावातील पहिली महिला वैमानिक’. तिचं विमानाच्या शाळेतलं शिक्षण अजून सुरूही झालं नव्हतं, पण ते किरकोळ. मला व्यासपीठावर बसायचं आमंत्रण आलं, कारण मी मार्गदर्शक. मी किंजलला फोन केला. “सांगस, आप्पा, सांगस,” ती म्हणाली. रेल्वेची तारीख सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी होती.

गावाच्या वेशीवर फलक लागला होता. शहाद्याच्या फलकवाल्यानं किंजलचा चेहरा कुठल्यातरी परदेशी पायलटच्या धडावर बसवला होता. पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मनगटावर दाट केस आणि भलंमोठं घड्याळ. खाली शुभेच्छुकांचे चाळीसेक फोटो. त्यातले दोघे मला दशरथच्या ओट्यावर भेटले. किंजल कोणाची मुलगी, हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. हे वेळेवरच समजतात. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं दिवा विझणं, पुन्हा दीपप्रज्वलन, स्वागताचं भाषण, परिचयाचं भाषण, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. पाहुण्यांचं भाषण शेवटी होतं, त्याआधी सत्कारमूर्तीनं दोन शब्द बोलायचे. दशरथ तिच्या शेजारी शाल आणि नारळाचं ताट घेऊन उभा होता. त्याच्या अंगात नवा कडक सदरा होता आणि चेहरा असा, की त्याच्याकडे बघून मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, होऊ दे पोरीला पायलट.

किंजल उठली. माइकपुढे गेलं की आमच्याकडचा माणूस आपोआप शाळेच्या मराठीत शिरतो. “व्यासपीठावरील मान्यवर,” ती म्हणाली, आणि आवाज ओठांतच राहिला. मागून कोणी ओरडलं, “ताई, आइकू येत नही!” माइकवाल्यानं येऊन दांडा वर-खाली केला. ती माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम पाण्याचा पेला उचलून त्यात बघत राहिलो. मार्गदर्शकानं मध्ये पडण्याची वेळ कुठली आणि न पडण्याची कुठली, एवढं तरी मला नोकरीनं शिकवलं होतं.

ती माइक सोडून वडिलांकडे वळली. माइकची तशी गरज राहिली नाही.

“बाबा, माले इमान नही चालाडनं. माले गाडी चालाडनी शे. सोमवारले मी रेल्वेमा हजर व्हस.”

मंडपामागे भजी तळल्याचा आवाज एकदम ऐकू यायला लागला. दशरथनं हातातलं ताट हळूच टेबलावर ठेवलं, व्यासपीठावरून उतरला आणि शेवटच्या रांगेत जाऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसला. सूत्रसंचालकाला काही सुचेना म्हणून त्यानं पाहुण्यांना बोलायला उभं केलं. पाहुण्यांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यांनी ते वाचलं. आकाश, पंख, ढग, क्षितिज, सगळं जसंच्या तसं. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, पण इतक्या निश्चिंतपणे चुकीच्या दिशेनं गेलेलं दुसरं नाही.

निघताना दशरथ मला गाठून म्हणाला, “आप्पा, तुम्हीच फितवं तिले.”

“मी फक्त गाडीमा बसाडं.”

“एकच,” तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी किंजलला तिच्या आईनं शहाद्याच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं. दशरथ शेतावर होता. त्यानंतर आठ-नऊ महिने तो माझ्याशी बोलला नाही. भावाकडे लग्नाला भेटला तर मंडपाचं दुसरं टोक धरून राहिला. मी बायकोला म्हणायचो, त्याचा राग जाईल. पण रात्री जेवताना घास हातात राहायचा. दुसऱ्याच्या घरात सिग्नल दाखवायला आपल्याला कोणी नेमलं होतं? मुलगी चुकली तर? मन लागलं नाही तर? रेल्वेत फार मुली इंजिनावर नाहीत. ज्या आहेत त्या काय सोसतात ते मला ठाऊक होतं, आणि फेऱ्यांमध्ये मी तिला सगळं सांगितलं होतं, लघवीच्या प्रश्नासकट. तरी सांगणं वेगळं. किंजल अधूनमधून फोन करायची. प्रशिक्षण संपलं, सुरतेकडे नेमणूक झाली, मालगाडीवर जाते आहे. शेवटी प्रत्येक वेळी विचारायची, “बाबा काही बोलनात का?” मी म्हणायचो, “पाऊस बरा शे तठे.”

मग एक दिवस दशरथचाच फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “आप्पा, ती गाडी कव्हय जास?”

“कोनती?”

“आते कोनती! मन्ही पोरनी.”

मी म्हटलं, तिची गाडी नंदुरबारला येऊन थांबते, स्टेशनवर भेट. तर म्हणाला, “उभी गाडी काय देखनी? माले चालती गाडी देखनी शे.”

म्हणून खांडबारा ठरलं. तिथे मालगाडी न थांबता जाते. किंजलला काही कळवायचं नाही असं मी दशरथला सांगितलं, कामावरच्या माणसाच्या डोक्यात घरची मंडळी घालू नयेत. ती कोणत्या गाडीवर आहे ते माझ्या जुन्या ओळखीतून कळलं. दशरथ एकटा येईल असं मला वाटलं होतं. दोन जीपा आल्या. त्यात त्याची बायको, किंजलचे चुलते, चुलतभाऊ, झेंडूचा मांडीएवढा जाड हार, आणि एक ढोलवाला.

स्टेशन मास्तर तरुण होता. हार पाहून त्याचा चेहरा पडला. मी ओळख सांगितली. “काका, रुळाजवळ कोणी जायचं नाही आणि ढोल माझ्या गाड्या असेपर्यंत वाजायचा नाही,” तो म्हणाला. मान्य केलं. मालगाडीला वेळापत्रक नसतं हे दशरथला सांगून ठेवलं होतं, तरी तो दर दहा मिनिटांनी उठून रूळ बघायचा. चार तास गेले. दरम्यान तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही वेळा हार उचलला गेला. झेंडूच्या पाकळ्या फलाटभर झाल्या.

शेवटी मास्तर हिरवी झेंडी घेऊन बाहेर आला आणि मला मान हलवून खूण केली. लांबून इंजिन दिसलं, मोठं झालं, आणि धडधडत आलं. स्टेशन सुदैवानं असिस्टंटच्या बाजूला होतं. खिडकीत किंजल. केस घट्ट बांधलेले, हात बाहेर, हातात हिरवी झेंडी, नजर मास्तरवर. लगेच नजर पुढे. दोन सेकंद, फार तर तीन. मग नुसते डबे.

“बारीक व्हई गई वं पोर!” तिची आई म्हणाली. तेवढ्यात तिनं तेवढं पाहिलं होतं.

मंडळींनी हात वर केले होते ते वरच राहिले. दशरथ डब्यांच्या आवाजावर ओरडत होता, “देखं का आप्पा? माले झेंडी दखाडी तिनी! माले!”

गप्प राहता आलं असतं. कोणाचं काय बिघडत होतं? पण सवय वाईट.

“दशरथ, ती झेंडी तुले नही. मास्तरले शे. सर्व ठीक शे म्हनीसन एकमेकले दखाडतस. तिनी तुले देखं बी नही.”

“देखंच नही?”

“नही.”

त्यानं हातातल्या हाराकडे पाहिलं.

“काम करी ऱ्हायनी ती,” तो म्हणाला. मला नाही, स्वतःलाच. मग एकदम, “मंग हार मास्तरलेच घालूत.” आणि निघालाच.

मास्तर अजून झेंडी धरून, जाणाऱ्या डब्यांकडे तोंड करून उभा होता. दशरथ हार उंच धरून त्याच्यासमोर जायला लागला तसा तो मान न वळवता म्हणाला, “बाजूला व्हा, काका. शेवटचा डबा जाऊ द्या.”

दशरथनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, की शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक पाटी असते. ती मास्तरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते. पाटी दिसली तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर डबे मागे कुठेतरी तुटून रुळावर राहिले, आणि मागच्या गाडीला धोका. तोपर्यंत त्यानं इकडेतिकडे बघायचं नसतं.

दशरथ मागे सरकला आणि मास्तरच्या शेजारी, हार दोन्ही हातांत धरून, त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला. कोळशाचे डबे एकामागून एक जात होते. मागे ढोलवाल्याला वाटलं, आपली वेळ झाली. त्यानं टिपरू उचललं. दशरथनं मागे न बघता त्याला हातानं थांबवलं.

“थांब रे भो,” तो म्हणाला. “गाडी आजून पुरी गई नही.”